सिथौलीच्या पुढे

मिस्त्रीनं विचारलं, काटा लालमध्ये किती वेळ होता?
मी म्हटलं, पाच मिनिटं.
शाकिर मिस्त्री हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
फडकं खांद्यावर टाकून स्टुलावर बसला.
आधी ठंडी होने दो.
अभी ढक्कन छुआ तो सीधा मुँह पे आएगा.

बसलो मग. झाशी रोड, टायरवाल्याचा पत्रा,
मे महिना, दुपारचे तीन,
डांबर चपला धरून ठेवत होतं.
गाडीखाली सांडलेलं पाणी बघता बघता वाळलं
आणि मागे पांढरी नक्षी उरली,
आमच्या घरच्या पातेल्याच्या बुडाशी असते तशी.
मिस्त्रीनं ती नखानं खरवडली. नल का?
नळाचंच. दोन वर्षं नळाचंच.

आईला रिक्षात बसवून दिलं होतं जनकगंजला.
जाताना तिनं बोनेटवर हात ठेवला
आणि चटका बसल्यावर पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा इंजिन उघडं होतं.
खालच्या पाइपला केसाएवढी चीर,
तिनंच सगळं पाणी गिळलेलं.
गॅस्केट दोन आणि तीनच्या मधे जळलं होतं,
पोळीची कड करपते तसं.
भूरा, त्याचा पोऱ्या, हेड पुसत होता,
रॉकेलमध्ये, मग कोरड्या कापडानं,
मग पुन्हा रॉकेलमध्ये.
बारा-तेरा वर्षांचा असेल. शाळेचं विचारणार होते,
राहून गेलं.

मिस्त्रीनं हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली,
पलीकडून टॉर्च लावला.
मॅडम, इधर से देखो.
मी वाकले.
पट्टीखालून उजेड येत होता.

मग त्यानं पानांचा जुडगा काढला,
कागदाहून पातळ, प्रत्येकावर आकडा.
पाचचं पान गेलं.
दहाचं गेलं.
पंधराचं थोडं घासून, पण गेलं.
वीसचं अडलं.
तो वर बघेना. मीही बघेना.
भूरा एकटा आमच्या दोघांकडे बघत होता.

मग मी सांगितलं.
टेकनपूरला काटा हलला तेव्हाच दिसला होता मला.
सिथौलीच्या पुढे लाल झाला.
पाच नाही, पंधरा मिनिटं, वीस म्हणा.
मागच्या सीटवर आई झोपली होती.
झाशीला मावशीचं तेरावं करून येत होतो,
तेरा रात्री तिचा डोळा लागला नव्हता.
गाडी थांबवली असती तर एसी बंद झाला असता,
एसी बंद झाला असता तर ती उठली असती,
उठली असती तर पहिलं
मावशीचंच नाव घेतलं असतं.
इंजिनाचं काय, मला वाटलं,
इंजिन सोसेल.

पता है, मिस्त्री म्हणाला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.
एवढंच सांगितलं त्यानं, की पुढच्या वेळी
एसी बंद करून हीटर चालू करायचा, फुल,
काचा खाली.
गर्मी अंदर ले लो, मॅडम. इंजन बच जाता है.
शेहेचाळीस डिग्रीत, मी म्हटलं.
शेहेचाळीस डिग्रीत, तो म्हणाला.

हेड हजीऱ्याला लेथवर जाऊन आलं,
आरशासारखं नाही, पण पट्टीखाली अंधार दिसला.
नवं गॅस्केट. नवा पाइप. डबाबंद हिरवं पाणी.
बोल्ट त्यानं मधून बाहेर आवळले,
एकदा हलके, एकदा बरे, एकदा जोर लावून,
आकडा तोंडात पुटपुटत.
रविवारी संध्याकाळी भूऱ्यानं चावी फिरवली.
आम्ही तिघं काट्याकडे बघत उभे.
अर्ध्यावर आला. पंखा सुरू झाला.
काटा थोडा खाली सरकला.

बिलावर त्यानं लिहिलं: हेड फेसिंग, गॅस्केट, पाइप, मजुरी.
का वाकलं, त्याला रकाना नव्हता.

घरी आईनं विचारलं, काय झालं होतं गाडीला?
तापली होती, म्हटलं.
मग थांबायचंस की, ती म्हणाली.